गाडीला इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र बसवताना: नवख्यांसाठी सुरुवातीपासून

मिठाच्या पाण्याची बादली आणि तिच्यात दोन खिळे. एका खिळ्याला यंत्राची निगेटिव्ह वायर जोडलेली, पॉझिटिव्ह वायरीचं टोक पाण्यात सोडलेलं, दुसरा खिळा मोकळा. रात्रभर ठेवलं की सकाळी मोकळ्या खिळ्याभोवतीचं पाणी तांबूस आणि गढूळ झालेलं दिसतं, वायरवाला खिळा मात्र काल होता तसाच असतो. गाडीचं गंजरोधक यंत्र विकताना हा प्रयोग हमखास दाखवतात. त्यात हातचलाखी काही नसते. मी स्वतः अंगणात करून पाहिला आहे आणि खिळा खरंच वाचला. (तुम्ही करणार असाल तर बंद खोलीत करू नका. मिठाच्या पाण्यात पॉझिटिव्ह टोकाशी क्लोरीन वायू सुटतो.)

गाडी मात्र बादलीत बुडालेली नसते, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: हवेत उभी असलेली, रस्त्यावर धावणारी गाडी ही यंत्रं गंजापासून वाचवतात असं मानायला मला पुरेसा आधार सापडलेला नाही. तरीही पुष्कळ जणांकडे यंत्र असतं. कुणाला नव्या गाडीबरोबर पॅकेजमध्ये आलेलं असतं, कुणी आधीच पैसे भरून बसलेला असतो, कुणाला वॉरंटीच्या अटीपायी ते चालू ठेवावं लागतं. बसवायचंच आहे तर गाडीला इजा न होता कसं बसवायचं, बॅटरी कशी सांभाळायची आणि त्याच दिवशी गंज खरोखर अडवणारी कामं कोणती उरकायची, हे इथे क्रमाने सांगतो.

आधी गंज समजून घ्या

लोखंडावर पाण्याचा पातळ थर आला की त्याच पत्र्यावर दोन प्रकारच्या जागा तयार होतात. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. दुसऱ्या जागी तेच इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात. इलेक्ट्रॉन पत्र्यातून प्रवास करतात, आयन (विजेचा भार असलेले कण) पाण्यातून, आणि सर्किट पूर्ण होतं. म्हणजे गंज ही एक छोटीशी बॅटरीच, आपलाच पत्रा खाऊन चालणारी. पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि हे काम झपाट्याने होतं. म्हणून समुद्रकाठच्या गाड्या आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्या लवकर सडतात.

लोखंडाला इलेक्ट्रॉन सोडूच द्यायचे नाहीत, उलट बाहेरून पुरवत राहायचे, ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांसाठी ती वापरली. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असे आणि समुद्राच्या पाण्यात तो झिजे. डेव्हींनी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज थांबली. पण झिजणाऱ्या तांब्यामुळेच तर शिंपले आणि शेवाळ तळापासून दूर राहत होतं. आता ते भरभरून चिकटलं आणि जहाजांचा वेग मंदावला. पुढे १९२८ मध्ये अभियंते रॉबर्ट कुन यांनी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिअन्समधल्या गॅसच्या पाइपलाइनला बाहेरून वीज देऊन गंज रोखला. आज जमिनीखालच्या पाइपलाइन, बंदरांचे धक्के, मोठी जहाजं यांना अशी वीज देणं ही रोजची गोष्ट आहे.

या सगळ्या ठिकाणी लोखंड पाण्यात बुडालेलं असतं नाहीतर ओल्या मातीत गाडलेलं. वीज सोडणारं टोक, म्हणजे ॲनोड, आणि ज्याला वाचवायचं ते लोखंड एकाच सलग ओलाव्यात असतात. बादलीतल्या खिळ्याचंही तेच. गाडीवर पाणी असतं ते ठिपक्याठिपक्यांनी. दाराच्या तळाशी साठलेलं थोडं पाणी, चाकावरच्या कमानीच्या घडीत अडकलेला ओला चिखल, डिकीच्या गालिच्याखालची ओल, ही सगळी सुटी बेटं. बॉनेटखाली रंगावर चिकटवलेल्या यंत्राच्या पॅडपासून त्या चिखलापर्यंत पाण्याची वाटच नाही. मग तिथल्या गंजाला त्या पॅडची खबर लागणार कशी?

नवख्यांचा इथे एक ठरलेला प्रश्न असतो: गाडीची बॉडी तर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलीच असते, मग ती वाचायला हवी ना? नाही. नुसती जोडणी पुरत नाही, पाण्यातून करंट वाहायला हवा. तसं असतं तर निगेटिव्ह अर्थच्या गाड्या कधी गंजल्याच नसत्या.

जस्ताचा मुलामा मात्र गाडीवरही आपलं काम चोख करतो. ओरखडा पडला की जस्त त्याच्या अगदी काठावर असतं, त्यामुळे एक थेंबही दोघांना जोडायला पुरतो. मग जस्त झिजतं आणि लोखंड राहतं. पोर्शेने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आणि ऑडीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जस्त चढवलेली बॉडी वापरली, ती याच कारणाने. कारखान्यात बॉडीला पहिला थर देतानाही विजेचा चांगला उपयोग होतो. बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून करंट सोडतात, म्हणजे कोनाकोपऱ्यांतही रंग बसतो. इथेही बॉडी बुडालेलीच असते, हे लक्षात घ्या.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) 'रस्ट इव्हेडर' आणि 'रस्ट बस्टर' या नावांनी अशी यंत्रं विकणाऱ्याला ग्राहकांची भरपाई द्यायला लावली आणि ती नावं वापरायला बंदी घातली. यंत्र विकणारा कितीही मन लावून बोलत असला तरी हा इतिहास माहीत असावा.

यंत्र हातात आल्यावर

बाजारात साधारण दोन जाती दिसतात. एकीत छोटी डबी असते आणि तिच्यापासून निघालेले एक-दोन चिकट पॅड रंगावर चिकटवतात. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये रंगाचा थर येतो, म्हणून ती जोडी कपॅसिटरसारखी (विजेचा भार साठवणाऱ्या भागासारखी) वागते आणि डबी तिच्यात ठरावीक वेळाने पल्स, म्हणजे विजेचे छोटे झटके, सोडते. दुसरीत धातूचे छोटे ॲनोड बॉडीवर ठिकठिकाणी लावतात. खोका उघडलात की काही हात लावण्याआधी माहितीपत्रक शांतपणे पूर्ण वाचा. त्यात या गोष्टी सापडल्या पाहिजेत: यंत्र १२ व्होल्टचं आहे की २४ व्होल्टचं (मोठ्या ट्रक-बसमध्ये बहुधा २४ असतात), गाडी उभी असताना ते किती मिलिअँपिअर करंट खातं, फ्यूज किती अँपिअरचा आणि बॅटरी उतरायला लागली तर ते आपोआप बंद होतं का. यातलं काही सापडलं नाही तर विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर गाडीत वायर ओढू नका.

वॉरंटीचा कागदही आजच वाचा. गंजाच्या वॉरंट्यांमध्ये पुष्कळदा फक्त आतून बाहेर आलेलं आरपार भोक धरतात. रंगाखालचे फुगे, टिकल्या, कडांचा गंज यांना त्यात जागा नसते. दरवर्षी ठरलेल्या मुदतीत तपासणी करून शिक्का घ्यायची अटही असू शकते. ती तारीख चुकली तर पुढचं सगळं भांडण व्यर्थ जातं. दुसरीकडे, गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर बाहेरची वायरिंग जोडल्याने त्या वॉरंटीवर काय परिणाम होतो हे सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

पहिलं काम गाडीचं

माझी मनापासून विनंती आहे की हे काम टाळू नका. यंत्र बसवायला तासभर लागेल, याला अख्खा दिवस द्या. पुढे गाडी टिकली तर या दिवसामुळे टिकेल.

गाडी खालून धुवा. चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. पत्रा आत दुमडलेला असतो आणि त्या घडीत चिखलाची ओळ बसलेली असते. वरून सुकलेली दिसली तरी नखाने उकरली की आतून ओली आणि काळी निघते. गाडी बहुतेक वेळा पहिल्यांदा इथेच सडते. ही ओळ काढून साध्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोर बेताचा ठेवा, सील आणि वायरिंगच्या जोडण्यांवर थेट फवारा मारू नका.

मग पाणी निघून जायच्या वाटा शोधा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छोटी भोकं असतात. दाराखालच्या लांब पट्टीला, म्हणजे सिलला, अशीच भोकं असतात. समोरच्या काचेखाली वायपरजवळ पन्हाळीसारखी जागा असते आणि तिथे पानं साठतात. सनरूफ असेल तर त्याच्या चारी कोपऱ्यांतून नळ्या खाली येतात. बारीक तार किंवा जाड नायलॉनचा दोरा हळूच घालून या वाटा मोकळ्या करा. दारात वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि ते खालून धारेने बाहेर आलं तर दार ठीक आहे. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही तर आत तळं साचलेलं आहे.

गाडी पूर्ण वाळू द्या. खारट रस्त्यावरून आलेली ओली गाडी न धुता उबदार बंद गॅरेजमध्ये ठेवणं फार वाईट. थंडीत गंजाची जी क्रिया सावकाश चालली असती ती उबेत वेग घेते.

आता टॉर्च घेऊन गंजाच्या जागा हेरा. रंगाला फुगा आला असेल तर त्यावर बोटाने दाबून पाहा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो खालून रंग उचलतो. फुगा टणक लागला तर गंज अजून वरवरचा असू शकतो. बोट आत गेलं तर पत्राच संपलेला आहे. तिथे रंग नव्हे, पत्रा कापून नवा जोडायचं काम आहे आणि ते डेंटरकडेच द्या. वरवरचा गंज असेल तर सैल पापुद्रे खरवडा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकणाऱ्या पत्र्यापर्यंत जा. खड्ड्यांत तपकिरी ठिपके उरले तर तिथे फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. मग प्रायमर, जोडांच्या रेषेवर सीलंट, वर रंग. हातमोजे, चष्मा आणि मास्क लावा.

शेवटी पोकळ जागा. दारांच्या आत, सिलमध्ये, चासीच्या बंद भागांत मेणाचं किंवा लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणासारख्या पदार्थाचं) कोटिंग लांब नळीच्या फवाऱ्याने सोडा. ते पाझरून जोडांत शिरतं आणि पाण्याला पत्र्यापर्यंत येऊ देत नाही. फवारताना ब्रेकच्या डिस्क, ब्रेक पॅड, सायलेन्सर यांवर काही उडू देऊ नका. तेलकट कोटिंग असेल तर रबरी बुशवरही नको, रबर फुगतं. फवारून झाल्यावर पाणी जायची भोकं पुन्हा मोकळी आहेत ना ते बघा. घाईत तीच बुजतात.

यंत्र बसवणं

सामान थोडंच लागतं: बॅटरीच्या टर्मिनलला बसणारा पाना (बहुधा १० नंबरचा), मल्टिमीटर, वायर सोलायची पकड आणि लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) दाबायची पकड, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी), केबल टाय, पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ कापड आणि थोडं ग्रीस. फ्यूज यंत्राबरोबर आला नसेल तर पत्रकात सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट आणा.

काम सुरू करण्याआधी इंजिन थंड होऊ द्या. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही. यंत्र फक्त १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला आणि तेही गाडीच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच. रेडिओचा कोड, खिडक्या पुन्हा शिकवायची पद्धत, घड्याळ हे आधी पाहून ठेवा, कारण बॅटरी सोडली की यातलं काही ना काही विसरलं जातं.

निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो.

डबीसाठी जागा निवडताना मी चार गोष्टी बघतो: सायलेन्सर आणि इंजिनच्या गरम भागांपासून लांब, फिरणाऱ्या पट्ट्या आणि पंख्यापासून लांब, चाकाचं पाणी थेट येत नाही, आणि डबीवरचा दिवा बॉनेट उघडल्यावर दिसतो. डबी अशी धरा की वायरी खालच्या बाजूने बाहेर पडतील. वायरी वरून आत जात असतील तर पाणी त्यांच्यावरून ओघळत थेट डबीत शिरतं. जिथे वरून येणं टळत नाही तिथे वायरीला डबीच्या खाली झोळ ठेवा. पाणी झोळाच्या तळाला येऊन तिथूनच ठिबकतं.

डबी लावायला नवं भोक पाडू नका. गाडीत आधीच असलेला बोल्ट, ब्रॅकेट नाहीतर मजबूत दुहेरी टेप वापरा. याबद्दल मी इतका हट्टी का, तर माझ्या एका जुन्या गाडीला यंत्र बसवणाऱ्याने आतल्या मडगार्डला दोन स्क्रू थेट पत्र्यात पिळले. भोकाच्या कडेला प्रायमर नाही, सीलंट नाही. दोन वर्षांनी बॉनेट उघडलं तर यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता आणि त्याच्याच खाली दोन्ही स्क्रूंपासून तपकिरी ओघळ उतरलेले होते. अख्ख्या बॉनेटखाली गंज तेवढ्याच जागी होता. भोक पाडण्यावाचून गत्यंतरच नसेल तर कडा पॉलिश पेपरने घासा, प्रायमर आणि रंग लावा, तो वाळू द्या, आणि स्क्रू सीलंटमध्ये बुडवून बसवा.

पॉझिटिव्ह वायर फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाते. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आतच ठेवा. वायर वाटेत कुठे घासली आणि शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा कुणीच वाचवत नाही. ECU (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॅग यांच्या वायरींमधून सप्लाय काढायचा विचारही करू नका. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुधा पिवळे असतात.

निगेटिव्ह वायरीची गंमत नव्या गाड्यांमध्ये आहे. पुष्कळ गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीत किती करंट गेला-आला याचा हिशेब ठेवतो आणि त्यावर चार्जिंग आणि स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होणं) चालतं. तुम्ही यंत्राची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या खुंटीला जोडलीत तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि हिशेब हळूहळू चुकत जातो. म्हणून ती बॉडीवरच्या अर्थच्या बोल्टला जोडा. बोल्टखालचा रंग लगच्या मापाएवढाच घासा, लग घट्ट करा आणि वरून ग्रीस लावून बंद करा. उघडा घासलेला पत्रा तसाच सोडलात तर गंजरोधक यंत्र बसवताना गंजाची जागा तुम्हीच तयार कराल.

आता पॅड. जागा सपाट हवी, रंग शाबूत हवा, खाली गंज किंवा पुट्टी नको. दोन पॅड असतील तर कुठे लावायचे ते पत्रकात असतं, तेच पाळा. जागा आधी साबणाच्या पाण्याने, मग अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. पत्रा हाताला गार लागत असेल तर थोडा कोमट करा, गार पत्र्यावर डिंक धरत नाही. मागचा कागद काढल्यावर चिकट बाजूला बोट लावू नका. एका कडेने लावत जा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरा. डिंक पूर्ण पक्का व्हायला एक ते तीन दिवस लागतात, तोवर तिथे पाण्याचा फवारा नको.

वायरी गाडीच्या मूळ वायरींच्या जोडीने न्या आणि दर वीतभराला केबल टाय लावा. आत न्यायची असेल तर आधीच असलेल्या रबरी बुचातून न्या आणि बूच नीट बसलं आहे ना ते पाहा, नाहीतर पायाखालच्या गालिच्यात पाणी येईल. जोडण्या पिळून टेप लावू नका. लग दाबा आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

ॲनोडवाल्या यंत्रात पोलॅरिटी दोनदा तपासा. ॲनोडला पॉझिटिव्ह आणि बॉडीला निगेटिव्ह. उलटं झालं तर जिथे पाणी दोघांना जोडेल तिथे बॉडीच ॲनोड होते आणि पत्रा मुद्दाम खाल्ल्यासारखा झिजतो.

बॅटरी किती उतरते ते मोजा

पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडा, फ्यूज बसवा, दिवा लागतो का पाहा. दिवा लागला म्हणजे यंत्राला सप्लाय मिळतोय एवढंच. पत्रा वाचतोय की नाही हे त्या दिव्याला कळत नाही, आणि नवख्यांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथेच होते.

यंत्र किती करंट खातं ते मोजायची सोपी रीत अशी. त्याचा फ्यूज काढा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून दोन टोकं फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंना टेकवा. आता दिसतो तो फक्त यंत्राचा करंट. गाडीचा बाकी पसारा यात येत नाही आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक्स बंद होऊन ती झोपी जायची वाटही बघावी लागत नाही. पल्स सोडणाऱ्या यंत्रात आकडा वरखाली नाचेल, मिनिटभर पाहून सरासरी धरा.

समजा २० मिलिअँपिअर आले. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास, महिनाभर उभ्या गाडीला सुमारे १४ अँपिअर-तास. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या यंत्राने खाल्ला. वर गाडीचं घड्याळ, अलार्म, कुलूप हे आपलं खात असतातच. चांगल्या स्थितीतल्या गाडीत त्या सगळ्यांचा मिळून करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. रोज चालणाऱ्या गाडीला या भाराने फरक पडत नाही. आठवड्यातून एकदा कोपऱ्यावर जाऊन येणाऱ्या गाडीला पडतो.

रात्रभर उभ्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्म्यावर. आठवडाभर रोज सकाळी कुठलाही दिवा न लावता मोजा आणि लिहून ठेवा. आकडा दर दिवशी घसरत असेल तर गाडी लांब ठेवताना यंत्राचा फ्यूज काढून ठेवा किंवा चार्जर लावा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही.

खरंच फरक पडतोय का, ते स्वतः बघा

दुसऱ्याच्या गाडीला गंज नाही यावरून काही सिद्ध होत नाही. ती कुठे उभी असते, किती धुतली जाते, पत्र्यावर जस्त आहे का, यावर सगळं ठरतं. तुलना एकाच गाडीवर व्हायला हवी.

जस्त नसलेल्या साध्या लोखंडी पत्र्याच्या तळहाताएवढ्या दोन पट्ट्या घ्या, एकाच तुकड्यातून कापलेल्या. दोन्हींना सारखाच रंग द्या, कडांना जास्त. वाळल्यावर टोकदार सुईने दोन्हींवर सारखी फुली ओढा, पत्रा दिसेपर्यंत. गाडीखाली, जिथे चाकाचं पाणी उडतं पण काही फिरत नाही अशा जागी, आधीच्या भोकांत नायलॉनच्या बोल्ट-वॉशरने दोन्ही लावा. मध्ये हातभर अंतर ठेवा, म्हणजे एकच पाण्याचा थर दोघींना जोडणार नाही. आता एका पट्टीला वायरने बॉडीशी जोडा आणि जोडणीवर ग्रीस थापा. दुसरी मोकळी. प्रत्येक पट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटरच्या बझरवर तपासा: पहिली वाजली पाहिजे, दुसरी नको. यंत्र विकणारे सांगतात तसं ते बॉडीला जोडलेला सगळा पत्रा वाचवत असेल, तर पहिल्या पट्टीची फुली स्वच्छ राहायला हवी.

दर महिन्याला शेजारी मोजपट्टी धरून एकाच कोनातून फोटो काढा. माझ्या गाडीवर नवव्या महिन्यात दोन्ही फुल्यांभोवती रंग सारखाच उचलला होता, आणि कुठली पट्टी जोडलेली होती ते मला वायर बघूनच ओळखावं लागलं. ही एका गाडीची गोष्ट झाली. तुमच्या पट्ट्या तुम्हाला काय सांगतील ते तुम्हीच बघा.

नंतरची देखभाल

दर महिन्याला बॉनेट उघडून पॅडच्या कडा सुटल्या नाहीत ना, वायर कुठे घासत नाही ना, अर्थच्या बोल्टवर हिरवट-पांढरी भुकटी आली नाही ना हे पाहा. कोटिंग वर्षातून एकदा तपासा, उडालं असेल तिथे पुन्हा द्या. दगड उडून रंगाची टिकली उडाली तर त्याच आठवड्यात भरा. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी यंत्राचा फ्यूज काढा आणि दोन्ही वायरी सोडा, म्हणजे वेल्डिंगचा करंट त्यातून फिरणार नाही. गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्हही वेल्डर सोडतोच, पण आपण आठवण करावी.

यंत्र कधी काढायचं ठरलं तर पॅड ओढून उपटू नका, रंग बरोबर येतो. हेअर ड्रायरने कोमट करा, मागून नायलॉनचा बारीक दोरा करवतीसारखा मागेपुढे फिरवत पॅड सोडवा आणि उरलेला डिंक अल्कोहोलने पुसा. वायरी फ्यूजसकट पूर्ण काढा, अर्धी तुटकी वायर बॅटरीला लटकत ठेवू नका. अर्थचा बोल्ट पुन्हा घट्ट करा, आणि पॅडखाली किंवा बोल्टभोवती कुठे उघडा पत्रा दिसला तर त्याच दिवशी त्यावर प्रायमर आणि रंग लावा.